डीपीआय वाढवून अक्षरं मोठी होत नाहीत: मॅटप्लॉटलिबमधून आकृती काढताना या चुका टाळा

प्रबंध सादर करायच्या आदल्या रात्री अकरा वाजता एका विद्यार्थ्याचा फोन. "सर, डीपीआय 600 केला, तरी परीक्षक म्हणतात अक्षरं वाचता येत नाहीत. आता 1200 करू का?"

मी विचारलं, "फिगसाइझ किती? म्हणजे आकृती किती इंचांची?" पलीकडे शांतता. फाइल मागवली. आकृती 16 बाय 12 इंचांची, म्हणजे 600 डीपीआयला 9600 बाय 7200 पिक्सेल, जवळजवळ सात कोटी. पानावर तिच्यासाठी जागा होती साडेतीन इंच. वर्डमध्ये कोपरा धरून पठ्ठ्याने ती आत ढकललेली. मॅटप्लॉटलिबची (पायथनमध्ये आलेख काढायच्या लायब्ररीची) अक्षरं मुळात 10 पॉइंटांची. सोळा इंची आकृती साडेतीन इंचांत कोंबली की ती उरतात जेमतेम सव्वादोन पॉइंटांची. औषधाच्या पाकिटावरचा मजकूरही याहून मोठा असतो. स्क्रीनवर झूम करून बघणाऱ्याला हे कळत नाही; परीक्षकांनी कागदावर छापून पाहिलं होतं.

डीपीआय फक्त एका इंचात किती ठिपके ते सांगतो. अक्षराची उंची पॉइंटांत, म्हणजे इंचाच्या 72व्या भागात मोजतात, आणि ती डीपीआयने बदलत नाही. म्हणून मी आधी पट्टी घेतो, छापील पानावरची जागा मोजतो आणि तोच आकडा फिगसाइझला देतो. न सांगितल्यास 6.4 बाय 4.8 इंच आणि 100 डीपीआय मिळतो, तो कोणाच्याच पानाच्या मापाचा नसतो. साडेतीन इंच आणि 300 डीपीआयला 1050 पिक्सेल रुंदी येते. आकडा लहान वाटतो म्हणून घाबरू नका, छापायला पुरतो. त्या मुलाचं काम फिगसाइझची एक ओळ बदलून झालं. लेबलं एकमेकांवर चढली, ती निम्मी केली. मुळात इतकी लेबलं लागत नव्हतीच.

याच चुकीची धाकटी बहीण म्हणजे 'टाइट'. ज्युपिटर नोटबुकात अक्षाचं नाव पूर्ण दिसतं आणि सेव्ह केलेल्या फाइलीत कापलं जातं. कारण नोटबुक दाखवताना स्वतःच कडा 'टाइट' करून घेतं, फाइल सेव्ह करणारी सेव्हफिग आज्ञा तसं करत नाही. मग लोक सेव्हफिगला बीबॉक्स-इंचेस टाइट (मजकुराला चिकटून कडा ठरवणारी सोय) लावून मोकळे होतात. पण त्याने आकृतीचं माप बदलतं, प्रत्येकीचं वेगळं. वर्डमध्ये सगळ्या सारख्या रुंदीच्या केल्या की एकीची अक्षरं मोठी, दुसरीची बारीक. हा शॉर्टकट मला मुळीच आवडत नाही. आकृती बनवतानाच लेआउट 'कन्स्ट्रेन्ड' ठेवा, नावं आत बसतात आणि माप जागेवर राहतं.

शो करून (आलेख पडद्यावर दाखवून) मग सेव्हफिग केलं आणि पांढरी फाइल मिळाली? आधी सेव्ह, मग शो. मी तर आकृती फिग नावाने हातात धरतो आणि फिग.सेव्हफिगच लिहितो.

रेघांच्या आलेखाला जेपीईजी नको. कडांभोवती घाण येते.

पीडीएफमध्ये फॉन्टटाइप (फॉन्ट फाइलीत कसा साठवायचा ती सेटिंग) 42 ठेवा. मूळचा 3 अनेक नियतकालिकं परत पाठवतात.

लाखभर ठिपक्यांचा स्कॅटर पीडीएफमध्ये काढला तर पान उघडायला चहा होतो. फक्त त्या ठिपक्यांना रास्टराइझ्ड करा, म्हणजे त्यांचं पिक्सेलचं चित्र करा, अक्षरं तशीच राहू द्या.

लूपमध्ये आकृत्या काढता? क्लोज करा. विसापेक्षा जास्त उघड्या राहिल्या की इशारा येतो, तो दाबून टाकू नका.

राहिलं मराठी. जिल्ह्यांची नावं देवनागरीत टाकली की आधी चौकोन येतात, कारण सोबत येणाऱ्या देजाव्हू सॅन्स फॉन्टमध्ये देवनागरी नाही. नोटो सॅन्स देवनागरी लावला की चौकोन जातात आणि लोक खूश होऊन थांबतात. पण नीट वाचा. आमच्याकडच्या आवृत्तीत 'हिंगोली'ची वेलांटी ह नंतर पडते आणि 'सिंधुदुर्ग'चा रफार ग वर चढतच नाही, कारण अक्षरं एकमेकांत गुंफण्याचं काम तिथे होत नाही. एका अहवालात असा नकाशा छापून गेला आणि तो आधी तपासणाऱ्यांत मीही होतो. तेव्हापासून मराठी नावांची आकृती मी एसव्हीजीत (रेघा-मजकूर तसेच ठेवणाऱ्या चित्रफाइलीत) काढतो, एसव्हीजीचा फॉन्टटाइप 'नन' ठेवून. मग मजकूर मजकूरच राहतो आणि इंकस्केप हे चित्रं संपादायचं सॉफ्टवेअर तो नीट जुळवतं. फक्त तो फॉन्ट त्या मशीनवर हवा. पीडीएफ तिथूनच काढतो.