बायोडेट्यात हुद्दा नको, काम दिसू द्या

चाकणमधल्या एका कारखान्यात मी कामगारभरती बघते. सातारा, सांगली, नगरकडचे माजी सैनिक आणि आयटीआय झालेली पोरं, यांचे बायोडेटे रोज हाताखालून जातात. वाईट याचं वाटतं, की पंधरा-वीस वर्षं राबलेला माणूस त्या कागदावर कुठे दिसतच नाही. वडिलांचं नाव, जात, छंद, सगळं असतं; आणि कामाच्या जागी नुसतं "हवालदार, भारतीय सेना" किंवा "वेल्डर, अनुभव ८ वर्षे".

आधी फौजी भावांचं बघू. हुद्दा लिहाच, पण त्याखाली दिवसभर काय करत होतात तेही लिहा. मध्यंतरी एक सीक्यूएमएच, म्हणजे कंपनी क्वार्टर मास्टर हवालदार, आले होते. कागदावर तेवढंच होतं. मी विचारलं, "दादा, सकाळी ड्युटीवर गेलात की पहिलं काम काय?" म्हणाले, "स्टोअर उघडायचं, लेजर बघायचं, इंडेंट, म्हणजे सामानाची मागणी, टाकायचं." मग एकेक निघत गेलं. शंभरावर जवानांचं रेशन, कपडे, सामान त्यांच्या ताब्यात. मोजणीत तफावत आली तर जबाब त्यांनी द्यायचा. अहो, आम्हाला स्टोअरला हाच माणूस हवा असतो! तिथेच बसून लिहिलं: "शंभराहून अधिक जणांच्या साहित्याचा साठा सांभाळला. आवक-जावक लेजर, इंडेंट, साठा मोजणी व तपासणीची जबाबदारी." हे वाचून स्टोअरचा मॅनेजर लगेच भेटायला बोलावतो.

ईएमईतल्या, म्हणजे सैन्याच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या विभागातल्या, मेकॅनिकने गाडीचं नाव घालावं. "स्टॅलियन ट्रकचं इंजिन उतरवून ओव्हरहॉल केलं" म्हटलं की वर्कशॉपवाल्याला पुढचं सांगावं लागत नाही. चालकांनी सिव्हिल लायसन्सवर हेवीची नोंद आहे का आणि ती कधीपर्यंत वैध आहे, ते लिहावं. मेडिकल 'शेप-१' (सैन्यातली सर्वांत वरची वैद्यकीय श्रेणी) असेल तर "पूर्ण तंदुरुस्त" असं लिहा. डिस्चार्ज बुकात कॅरेक्टर 'एक्झेम्प्लरी' (उत्कृष्ट वर्तन) असेल तर ते ठळक येऊ द्या, कोर्सही तिथूनच उतरवा. युनिटची तैनाती, ऑपरेशनचे तपशील, सर्व्हिस नंबर, पीपीओ (पेन्शनचा आदेश), आधार यातलं काही नको. हा कागद किती हातांतून फिरेल ते सांगता येत नाही.

आता कारखान्यातल्यांचं. वेल्डरने प्रोसेस, पोझिशन, धातू आणि जाडी लिहावी: "टिग व आर्क, ६जी, स्टेनलेस स्टील पाइप" (६जी म्हणजे तिरक्या, न फिरणाऱ्या पाइपवरचं वेल्डिंग). सीएनसीवाल्याने, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन चालवणाऱ्याने, मशीनचा कंट्रोल सांगावा, फानुक की सीमेन्स. नुसतं लोडिंग-अनलोडिंग केलं की ऑफसेटही (हत्याराच्या मापातली दुरुस्ती) स्वतः दिले. किती मायक्रॉनच्या टॉलरन्समध्ये, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकात, जॉब काढले. जेवढं येतं तेवढंच लिहा, कारण ट्रेड टेस्टला मशीनसमोरच उभं करतात.

ठेकेदाराकडच्या कामगारांचं नुकसान सगळ्यात जास्त होतं, आणि ते माझ्या मनाला लागतं. पोरगा पाच वर्षं एकाच प्लँटच्या एकाच लाइनवर, पण मधे ठेकेदार तीनदा बदलला. बायोडेट्यात तीन नोकऱ्या दिसतात आणि वाचणारा म्हणतो, हा टिकत नाही. म्हणून आधी प्लँटचं नाव, लाइन आणि एकूण काळ लिहा. ठेकेदारांची नावं त्याखाली बारीक अक्षरात. अनुभवाचं पत्र कोणी देत नसेल तर पीएफच्या यूएएन खात्यातली सर्व्हिस हिस्टरी काढा. रुजू झाल्याच्या आणि सोडल्याच्या तारखा तिथे मिळतात. मधे गावी शेती केली असेल किंवा आजारपण असेल, तर एका ओळीत सरळ सांगून टाका.

बाकी सगळं एका पानात बसतं. सर्वांत अलीकडचं काम वर, आयटीआयचा ट्रेड आणि अप्रेंटिसशिप खाली. "कष्टाळू, प्रामाणिक" काढा, त्या जागेत आणखी एक मशीन मावेल. व्हॉट्सअॅपवर पाठवायचा तर फोटो काढून नको, पीडीएफ करा आणि फाइलला स्वतःचं नाव व ट्रेड द्या. नंबर तोच द्या जो तुम्ही शिफ्ट सुटल्यावर उचलता, आणि दुसरा घरातल्या कुणाचा तरी.