चिंक्वे तेर्रेची पाच गावं निवांत कशी पाहावीत

इटलीच्या वायव्य किनाऱ्यावर, लिगुरिया प्रांतात, डोंगर थेट समुद्रात उतरतो. त्या उतारावरची पाच गावं म्हणजेच चिंक्वे तेर्रे. पश्चिमेकडून मोजायला लागलं तर मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला आणि रियोमाज्जोरे. १९९७ साली हा किनारा शेजारच्या पोर्तोवेनेरे गावासकट युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. तेव्हापासून गर्दी वाढतच गेली.

बहुतेक ग्रुप टूर ही पाचही गावं एका दिवसात उरकतात. सकाळी दहाच्या सुमाराला लोंढा येतो, फोटो काढतो आणि पाच-साडेपाचला परत जातो. एवढ्या लांब जाऊन नेमक्या याच वेळात तिथे असणं म्हणजे पैसे वाया घालवणं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यामुळे पुढचं सगळं नियोजन घड्याळाभोवती फिरतं.

१. आधी महिना, मग व्हिसा

मे महिना किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध निवडा. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन, गर्दी आणि खोल्यांचे दर तिन्ही चढलेले असतात. १५ ऑगस्टच्या आसपास तर खुद्द इटालियन लोकच सुट्टीवर असतात. मुलांच्या शाळेमुळे मे सोयीचा पडतो, फक्त तेव्हा समुद्राचं पाणी गार असतं. ऑक्टोबर उलटत आला की मुसळधार पावसाची भीती असते. २५ ऑक्टोबर २०११ रोजी अशाच पावसात वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सोचे मुख्य रस्ते चिखल-दगडांनी भरून गेले होते.

इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. मे-जूनच्या प्रवासासाठी मुंबईत अपॉइंटमेंट मिळवायची म्हणजे घाई करायलाच हवी. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. जास्त रात्री इटलीत असतील तर अर्जही इटलीकडेच करायचा.

२. मुक्काम एकाच ठिकाणी

रोज बॅगा उचलून नव्या गावात जाण्याचा मोह टाळा. माझं मत लेवांतोला. हे गाव पाचांत मोजलं जात नाही, पण मोंतेरोस्सोच्या लगेच पलीकडे, रेल्वेने पाचेक मिनिटांवर आहे. सपाट रस्ते, स्वतःचा समुद्रकिनारा आणि खोल्याही तुलनेने स्वस्त. दुसऱ्या टोकाला ला स्पेत्सिया आणखी परवडेल, पण ते नौदलाचं बंदर असलेलं शहर आहे. संध्याकाळी तिथे गावाचा निवांतपणा सापडणार नाही.

पाच गावांतच राहायचं असेल आणि सोबत गुडघेदुखीवाले आई-बाबा असतील, तर मोंतेरोस्सो घ्या. बाकी ठिकाणी गल्ली म्हणजे जिनाच. खोली बुक करण्यापूर्वी मालकाला एकच प्रश्न विचारा: स्टेशनपासून दारापर्यंत किती पायऱ्या? 'समुद्र दिसणारी खोली' म्हणजे जवळजवळ नेहमीच वरची खोली. चार चाकांची मोठी बॅग तिथे खांद्यावरच चढते. आणि हो, माणशी प्रत्येक रात्रीचा पर्यटन कर वेगळा भरावा लागतो, तो बऱ्याच ठिकाणी रोख मागतात.

३. मोटार नको, रेल्वे

भाड्याची मोटार इथे डोकेदुखी आहे. गावांत बाहेरच्या गाड्यांना बंदी, वर पार्किंग महाग आणि थोडं. ला स्पेत्सिया ते लेवांतो अशी लोकल पाचही गावांना थांबते आणि मोसमात तासाला दोन-तीन गाड्या असतात. दोन गावांमधलं अंतर काही मिनिटांचं. वाट बहुतेक बोगद्यांतूनच जाते, त्यामुळे खिडकीसाठी भांडू नका.

बोगद्याची एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. वेर्नात्सा आणि रियोमाज्जोरेला फलाटाचा काही भाग बोगद्यात आहे. गाडी थांबते, दारापुढे काळोख दिसतो आणि नवखे प्रवासी 'अजून स्टेशन आलं नसेल' म्हणून बसून राहतात. स्टेशनच आहे, बटण दाबून उतरा आणि उजेडाकडे चालू लागा.

मोसमात दोन मिनिटांच्या प्रवासाचं सुटं तिकीटही महाग पडतं. दिवसातून तीन-चारदा चढ-उतार होणार असेल, तर रेल्वेसह मिळणारं चिंक्वे तेर्रे कार्ड घ्या. त्यात सशुल्क पायवाटा आणि गावातल्या छोट्या बसही येतात. ते लोकललाच चालतं, लांब पल्ल्याच्या इंटरसिटी गाड्यांना नाही. कागदी तिकीट आणि कार्ड दोन्ही फलाटावरच्या यंत्रात पंच करायचं. विसरलात तर तपासनीस 'पर्यटक आहे' म्हणून सोडत नाही.

स्टेशनवर 'शोपेरो' असा फलक दिसला तर संप आहे असं समजा. आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात काही ठरावीक लोकल तरीही धावतात.

४. दिवस उलटा लावा

पहाटेची गाडी पकडून वेर्नात्साला जा. पाचांत नैसर्गिक बंदर आहे ते याच गावाला. सकाळी साडेसातला चौकात ओढून ठेवलेल्या रंगीत होड्या, बारच्या काउंटरवर उभ्याने कॉफी पिणारे गावकरी, दुकानांचा माल आणणाऱ्या छोट्या गाड्या आणि पाण्याला खेटून उभं असलेलं सांता मार्गेरिताचं चर्च. एवढं आरामात पाहून होतं. कॉफी तुम्हीही उभ्यानेच घ्या. टेबलावर बसलात की बिल वाढतं.

दहाला लोंढा उतरू लागला की तुम्ही निघा. दुपारसाठी दोन पर्याय. एक, मोंतेरोस्सोचा किनारा, जिथे भाड्याच्या छत्र्यांच्या रांगांमध्ये फुकटच्या मोकळ्या पट्ट्याही असतात. दुसरा, कोर्निल्या. हे गाव समुद्रापासून सुमारे शंभर मीटर उंच कड्यावर आहे. त्याला धक्का नाही, म्हणून बोटीही थांबत नाहीत. स्टेशनवरून वर जायला पावणेचारशेहून जास्त पायऱ्या आहेत. पर्यायी छोटी बस मिळते, पण बरेच जण पायऱ्या पाहूनच पुढच्या गाडीत बसतात. त्यामुळेच दुपारी जाण्यासारखं गाव हेच.

संध्याकाळ मानारोलासाठी राखून ठेवा. पोस्टकार्डावरचं ते दृश्य बंदरापलीकडच्या पायवाटेवरून दिसतं आणि मावळतीचं ऊन घरांवर पडतं तेव्हा ते खरोखर तसंच असतं. रियोमाज्जोरे शेजारीच आहे, वेळ उरला तर बघा. नाही जमलं तरी हळहळू नका.

एखादा टप्पा बोटीने करा. साधारण एप्रिल ते ऑक्टोबर, समुद्र शांत असेल तेव्हा बोटी चालतात. रेल्वेतून न दिसणारा सगळा डोंगर पाण्यावरून एका नजरेत येतो.

५. चालायचं असेल तर

मोंतेरोस्सो ते वेर्नात्सा ही वाट साडेतीन किलोमीटरची, पण चढ-उतारामुळे दोन तास धरा. काही ठिकाणी ती इतकी अरुंद आहे की समोरून कोणी आलं तर एकाने भिंतीला चिकटून उभं राहायचं. सकाळी आठच्या आत निघा. स्लीपर घालून गेलात तर दंड होऊ शकतो. रियोमाज्जोरे आणि मानारोला जोडणारी सुप्रसिद्ध 'प्रेमाची वाट' २०१२ मध्ये दरड कोसळल्यावर बंद होती, ती २०२४ मध्ये पुन्हा उघडली. तिथे वेळ आगाऊ ठरवून जावं लागतं. दरडी आणि पावसाच्या इशाऱ्यांमुळे वाटा अचानक बंद होतात, म्हणून निघायच्या दिवशी सकाळी चिंक्वे तेर्रे राष्ट्रीय उद्यानाच्या संकेतस्थळावर बघूनच बूट घाला.

वाटेत दिसणारे दगडी गडगे नीट पाहा. चुना-सिमेंटशिवाय, नुसते दगडावर दगड रचून शेकडो वर्षांत हा डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचा केला गेला आहे. त्यावर द्राक्षं लावली आहेत. चढ इतका उभा की द्राक्षांचे क्रेट एकाच रुळावरून जाणाऱ्या दातेरी गाडीने वाहतात. तीच द्राक्षं सुकवून 'शाकेत्रा' ही गोड वाइन होते. शेती सोडली की गडगे ढासळतात आणि मागोमाग माती खाली येते. फोटोसाठी त्यांच्यावर चढू नका, एक दगड हलला की वरचे चार सुटतात.

६. शाकाहारी असाल तर

लिगुरियात शाकाहाऱ्याची उपासमार होत नाही. फारिनाता म्हणजे हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल एवढ्यावर भट्टीत भाजलेलं जाडसर धिरडंच. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनाही चालतं, पण नुसतंच मागा, कारण काही ठिकाणी वर कांदा घालतात. फोकाच्चा हा ऑलिव्ह तेल लावलेला चपटा पाव बेकरीतून वजनावर मिळतो. पेस्तो म्हणजे बेसिलच्या पानांची चटणी, आणि तिच्यातला पिळदार त्रोफिये पास्ता बटाटा आणि फरसबी घालून करतात. मात्र पेस्तोत लसूण असतो, आणि त्यातलं पार्मेजान चीज वासराच्या जठरातल्या विरजणाने लावतात. कडक शाकाहाऱ्यांनी आधीच ठरवून घ्यावं. मोंतेरोस्सोचे अँचोवी मासे प्रसिद्ध आहेत. मासे खाणाऱ्यांनी ते लिंबू आणि तेलातले मागवावेत.

बऱ्याच हॉटेलांचं स्वयंपाकघर दुपारी अडीच-तीनला बंद होतं आणि संध्याकाळी सात-साडेसातला उघडतं. बिलात माणशी 'कोपेर्तो' लावतात. ती फसवणूक नाही, टेबलावर बसण्याचं शुल्क आहे.

७. एक दिवस पाच गावांबाहेर

पोर्तोवेनेरेला रेल्वे नाही. ला स्पेत्सियाहून बस किंवा बोट घ्यायची. खडकाच्या टोकावरचं सान पिएत्रोचं काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं चर्च पाहण्यासारखं आहे.

जेनोव्हा शहराच्या बाजूला कामोली हे गाव. समुद्राकडे तोंड केलेल्या उंच घरांच्या भिंतींवर खिडक्या, नक्षी, कमानी रंगवलेल्या आहेत. कुठली खिडकी खरी आणि कुठली रंगाची, हे जवळ गेल्यावरच कळतं. तिथून बोटीने सान फ्रुत्तुओसोच्या मठाला जा. या खाडीतच १९५४ साली ख्रिस्ताचा ब्राँझचा पुतळा पाण्याखाली बसवलेला आहे. मठापर्यंत मोटारीचा रस्ता नाही, तेव्हा उतरल्या उतरल्या शेवटच्या बोटीची वेळ विचारा. ती चुकली तर डोंगर ओलांडून पोर्तोफिनोपर्यंत दीड-दोन तास पायी जावं लागतं.