न्यूयॉर्कच्या इमारतीचा वीज-पाण्याचा हिशेब १ मेच्या आत कसा द्यावा

१ मे ही तारीख मराठी माणसाला वेगळी लक्षात ठेवावी लागत नाही. न्यूयॉर्कमध्ये को-ऑपच्या (आपल्याकडच्या सोसायटीसारख्या सहकारी इमारतीच्या) बोर्डावर निवडून आला असाल, तर त्या तारखेला आणखी एक काम असतं. गेल्या जानेवारी ते डिसेंबरमध्ये इमारतीने किती वीज, गॅस, तेल, वाफ आणि पाणी वापरलं, हे तोवर शहराला कळवावं लागतं. कायदा २००९ चा, लोकल लॉ ८४. आधी तो ५०,००० चौरस फुटांवरच्या इमारतींना होता. २०१६ च्या दुरुस्तीने मर्यादा २५,००० वर आली आणि मधल्या आकाराच्या कितीतरी इमारती त्यात आल्या. काम बहुतेक ठिकाणी मॅनेजिंग एजंट करतो. पण दंड बसला तर तो आपल्याच मेंटेनन्समधून जातो, म्हणून निदान काय तपासायचं ते माहीत हवं.

आधी शहराच्या यादीत आपली इमारत आहे का ते पाहा. त्यासाठी दोन नंबर लागतात: जागेचा १० अंकी बीबीएल (बरो, ब्लॉक, लॉट) आणि इमारतीचा ७ अंकी बिन. दोन्हींचा पहिला अंक बरोचा, म्हणजे शहराच्या विभागाचा असतो, क्वीन्स असेल तर ४. कॉन्डोवाल्यांनी (जिथे प्रत्येक फ्लॅट मालकाच्या स्वतःच्या नावावर असतो) आपल्या फ्लॅटचा लॉट नंबर देऊ नये. पूर्ण इमारतीचा बिलिंग लॉट वेगळा असतो आणि तो ७५ ने सुरू होतो.

मग केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याच्या ‘एनर्जी स्टार पोर्टफोलिओ मॅनेजर’ या मोफत साइटवर इमारत नोंदवायची आणि हे नंबर तिथे भरायचे. घोडं पेंड खातं ते पुढच्या रकान्यात: क्षेत्रफळ. कार्पेट आणि बिल्ट-अपवरून भांडण्यात आपली हयात गेलेली असते, इथे मात्र त्याहून मोठा आकडा हवा असतो. बाहेरच्या भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून मोजायचं. जिने, लिफ्टचा शाफ्ट, लॉबी, तळघर, बॉयलरची खोली सगळं धरायचं. बाल्कनी धरायची नाही आणि पार्किंग वेगळं दाखवायचं. नुसत्या फ्लॅटांची बेरीज टाकली तर दर चौरस फुटाचा वापर फुगतो आणि चांगली इमारतही उधळी ठरते.

याच्या उलट चूक मीटरमध्ये होते. लॉबी, लिफ्ट आणि पंपाचं बिल बोर्डाकडे येतं, तेवढंच भरलं जातं आणि साइटने काटकसरीसाठी इमारतीला दिलेले गुण पाहून सगळे खूश होतात. फ्लॅटांमधली वीजही मोजायची असते. त्यासाठी शेजाऱ्यांकडे बिलं मागत फिरू नका. कॉन एडिसन ही वीज कंपनी पूर्ण इमारतीची एकत्रित बेरीज देते, कोणाचं एकट्याचं बिल उघड होत नाही. ब्रुकलिनमध्ये किंवा स्टॅटन आयलंडवर असाल तर गॅससाठी नॅशनल ग्रिडकडे जावं लागेल. तेलाचा बॉयलर असेल तर टँकरच्या पावत्या शोधा. हे सगळं फेब्रुवारीत मागवा; एप्रिलमध्ये सगळं शहर रांगेत असतं.

पाण्याची आकडेवारी शहराच्या पाणी खात्याच्या स्वयंचलित मीटरमधून येते. हाताने भरत असाल तर एककाकडे नीट बघा: बिलातलं एक युनिट म्हणजे १०० घनफूट, साधारण ७४८ गॅलन. यादीतून चुकून ‘घनफूट’ निवडलं की वापर शंभरपट कमी दिसतो.

सगळं भरल्यावर साइटवरची डेटा-तपासणी चालवा. राहिलेले महिने, दोनदा चढलेली बिलं, अंदाजी आकडे ती दाखवते. मग त्या वर्षासाठी शहराने दिलेल्या लिंकवरून अहवाल पाठवा. माहिती भरली म्हणजे ती पोहोचली असं नाही. पोच देणारी ईमेल आली तरच काम झालं. ती जपून ठेवा.

१ मे चुकला तर ५०० डॉलर दंड. तरीही पाठवलं नाही तर १ ऑगस्ट, १ नोव्हेंबर आणि १ फेब्रुवारीला पुन्हा तेवढाच, म्हणजे वर्षाला २,०००. शिवाय ऑक्टोबरमध्ये दारावर अक्षर लावावं लागतं: ८५ किंवा जास्त गुणांना ‘ए’, ७० पासून ‘बी’, ५५ पासून ‘सी’, त्याखाली ‘डी’. अहवालच दिला नाही तर ‘एफ’, आणि तो येणारा-जाणारा प्रत्येकजण वाचतो. कार्बनच्या मर्यादेचा लोकल लॉ ९७ वेगळा आहे, त्याचा अहवालही वेगळा, आणि त्यावर नोंदणीकृत आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरची सही लागते. ८४ चा भरला म्हणजे तोही झाला, असं समजू नका.

आणि हो, साइटवरचं खातं को-ऑपच्या ईमेलवर उघडा. खजिनदार न्यू जर्सीला राहायला गेले की पासवर्डही त्यांच्याबरोबर जातो.