रॉड बोल्ट कसताना तुटू नये म्हणून

टॉर्क रेंच (ठरवलेला पिळाचा जोर, म्हणजे टॉर्क, आला की वाजणारा पाना) 'टक' वाजला म्हणजे कनेक्टिंग रॉडचा (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्याचा) बोल्ट नीट ताणला गेला, असं नाही. आटे कोरडे असतील तर बराच जोर घर्षणातच जातो आणि बोल्ट ढिला राहतो. उलट, साध्या तेलासाठी दिलेला टॉर्क जास्त निसरडं मॉलिब्डेनम ग्रीस लावून दिला, तर बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो.

1. बसवण्याआधी प्रत्येक बोल्टची मोकळी (न कसलेली) लांबी मायक्रोमीटरने मोजून सिलिंडर नंबरासह लिहा.
2. मॅन्युअलमधलंच वंगण आट्यांना लावा, डोक्याखालीही लावा. ही दुसरी जागा हमखास विसरली जाते.
3. दोन्ही बोल्ट आलटून-पालटून, टप्प्याटप्प्याने कसा. टॉर्कच्या टप्प्यात रेंच फिरतोय पण जोर वाढत नाही, तर तिथेच थांबा. बोल्ट लांबतोय, तो बदला.
4. सोडल्यावर परत मोजा. 0.025 मिमी किंवा जास्त वाढ दिसली तर बोल्ट बाद.

चौथी पायरी पुन्हा वापरता येणाऱ्या बोल्टसाठी. आधी टॉर्कने कसून मग ठरावीक अंश फिरवायचे बोल्ट बहुधा एकदाच चालतात. म्हणून बेअरिंगचा क्लिअरन्स (बेअरिंग आणि क्रँकशाफ्टमधली फट) तपासताना जुने बोल्ट लावा, नवे शेवटच्या जुळणीलाच वापरा.