पुणे ते गोवा, तोंडाच्या कॅन्सरची जनजागृती सायकल राईड : या चुका टाळा

थंडी पडली की सायकलच्या ग्रुपवर कुणीतरी मेसेज टाकतंच, यंदा गोवा मारायचा का, आणि यावेळी नुसतं फिरायला नको, कॅन्सरची जनजागृती करत जाऊ. कल्पना चांगलीच आहे. भारतात पुरुषांमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा कॅन्सर हा तोंडाचाच, जगातले एक तृतीयांशाहून जास्त पेशंट आपल्याकडचे. पण बऱ्याच राईडमध्ये होतं काय, तर टीशर्टवर मागे मोठ्या अक्षरात स्लोगन, पुढं बॅनर, आणि मधे साडेचारशे किलोमीटर नुसतं पेडल मारणं. रस्त्यातल्या एकाही माणसाच्या तोंडात कुणी डोकावत नाही. म्हणून सायकलच्या चुका आणि जनजागृतीच्या चुका दोन्ही इथं एकत्रच सांगतो. रूट नेहमीचाच धरलाय, सातारा, कराड, कोल्हापूर, निपाणी, उत्तूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा.

तीन दिवसांत गोवा

ही सगळ्यात मोठी चूक. रोज दीडशे किलोमीटर मारायचं म्हणजे मुक्कामाला अंधारात पोचणार, तोवर बाजार उठलेला, शाळा सुटलेली, आणि तुमच्यात बोलायचा जीव राहिलेला नसतो. पाच-सहा दिवस घ्या. पहाटे निघून अकराच्या आत सत्तर-ऐंशी किलोमीटर उरका, दुपारी झोपा आणि चार ते सात गावात फिरा. आठवडे बाजाराचा वार आधी विचारून मुक्काम लावला तर सोन्याहून पिवळं, कारण शाळेत मुलं ऐकतात पण तंबाखू मळणारा माणूस बाजारातच भेटतो.

तारीख निवडताना घोळ

३१ मे ला जागतिक तंबाखूविरोधी दिन असतो म्हणून त्या आठवड्यात राईड काढायचा मोह होतो. दुपारी रस्ता तापलेला, समोरून वारा, आणि कधी वळीव गाठेल सांगता येत नाही, शिवाय शाळांना सुट्ट्या. त्यापेक्षा ७ नोव्हेंबरचा राष्ट्रीय कॅन्सर जागरूकता दिन किंवा ४ फेब्रुवारीचा जागतिक कॅन्सर दिन धरा, हवा मस्त असते. फक्त ऊसाचा सीझन चालू असतो हे लक्षात ठेवा. कराड-कोल्हापूर पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे रिफ्लेक्टरचा पत्ता नाही, वर टेपवर गाणी. अंधारात सायकल नकोच.

शरीराच्या आणि सायकलच्या तक्रारी

गुडघा पुढून दुखतोय म्हणजे बहुतेक वेळा सीट खाली आहे, मागून दुखतोय म्हणजे वर. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा, पेडल एकदम खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे, इथून सुरुवात करा आणि मग थोडं थोडं बदला. राईडच्या आदल्या रात्री नवीन सीट बसवू नका, हे दरवेळी सांगावं लागतं. पॅडेड शॉर्टच्या आत अंडरवेअर घालायची नसते, तिची शिवणच घासते आणि दुसऱ्या दिवशी बसता येत नाही. हाताची बोटं बधीर होत असतील तर हँडलवर भार जास्त येतोय, कोपर सैल ठेवा, पकड बदलत राहा.

पंक्चरचं एक खास. हायवेच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या बारीक स्टीलच्या तारा पडलेल्या असतात, केसासारख्या, आणि त्या टायरमध्ये रुतून बसतात. ट्यूब बदलली, हवा भरली, दोन किलोमीटरवर परत फुस्स. मग लोक ट्यूबला शिव्या घालतात. टायर काढून आतून बोट हळू फिरवायचं, टोचलं की चिमटीनं तार ओढायची आणि मगच ट्यूब. भोकं ट्यूबच्या आतल्या बाजूला, म्हणजे रिमकडं पडत असतील तर रिम टेप, म्हणजे रिमच्या आतली पट्टी, सरकलीय. आणि तुमचा वॉल्व प्रेस्टा (बारीक, लांब नळीचा) असेल तर गावातल्या पंक्चरवाल्याची हवा त्याला लागत नाही, वीस-तीस रुपयांचं पितळी अडॅप्टर खिशात पाहिजेच.

कात्रजला जुना घाट घ्या, बायपासच्या बोगद्यात सायकल घालू नका. आंबोली उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवू नका, तापून त्यांची पकड जाते, वळणाआधी दाबायचे आणि सोडायचे. निघायच्या आधी ब्रेक पॅड बघितलेले बरे, एवढंच.

निपाणीत जाऊन 'तंबाखू जाळा'

इथं जरा थांबतो. निपाणी म्हणजे तंबाखूचं गाव, विडी वळणाऱ्या बायका, वखारी, सगळं त्याच्यावर. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी याच रस्त्यावर बसले होते, गोळीबारात माणसं गेली होती. अशा गावात पुण्याहून हेल्मेट घालून आलेला माणूस घोषणा देत गेला तर लोक ऐकतील का? पिकाबद्दल, धंद्याबद्दल बोलूच नका. तोंडाबद्दल बोला. तंबाखूत हात असणाऱ्याला त्रास काय होतो ते तुमच्यापेक्षा जास्त माहिती असतं.

भीतीदायक फोटो

फुटलेल्या गालाचे मोठे फोटो लावले की गर्दी जमते पण ज्याला जखम आहे तो मागच्या मागं निघून जातो. फोटो राहू द्या, करून दाखवा. आपली तीन बोटं उभी एकावर एक तोंडात घालायची, वरच्या आणि खालच्या दातांच्या मधे. जात असतील तर ठीक. टपरीवर चार जण हसत हसत बोटं घालतात आणि पाचव्याची दोनच जातात, तो म्हणतो माझं तोंड लहानच आहे पहिल्यापासून. मग हळूच विचारायचं, तिखट सोसतं का? सुपारी-गुटखा खाणाऱ्यांचं तोंड आतून आवळत जातं, जळजळतं, आणि त्यातून पुढं कॅन्सर होऊ शकतो. बाकी खुणा सोप्या आहेत, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, विनाकारण हलायला लागलेला दात, मानेत गाठ. तुम्ही निदान करायचं नाही, कॅन्सर हा शब्द त्याच्या तोंडावर फेकायचा नाही, फक्त दाखवून या म्हणायचं.

आणि कुठं दाखवायचं ते आधी ठरवलेलं पाहिजे! हे निम्मे लोक विसरतात. निघायच्या पंधरा दिवस आधी प्रत्येक मुक्कामाच्या गावातलं प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, एखादा दातांचा डॉक्टर यांच्याशी फोनवर बोला, ओपीडीचे वार लिहून घ्या आणि लोकांना द्यायच्या चिठ्ठीवर तेवढंच छापा. तिशीच्या पुढच्यांची तोंडाची तपासणी सरकारी केंद्रात होते, बऱ्याच जणांना ते माहीतच नसतं. तंबाखू सोडायची इच्छा असणाऱ्याला १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्विटलाईनचा, म्हणजे व्यसन सोडायला मदत करणारा, टोल फ्री नंबर द्या.

बायकांना वगळणं

जनजागृती पुरुषांपुढंच होते. आजऱ्याकडं ओट्यावर बसलेल्या आजींना विचारा तंबाखू खाता का, त्या म्हणणार, "न्हाई गं बाई, मी कुठं खाती, नुसती मिश्री लावती." मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. म्हणून प्रश्न बदला, दाताला काय लावता असं विचारा. ग्रुपमध्ये दोघी-तिघी असतील तर हे काम त्यांनीच करावं, आणि आशाताई बरोबर असतील तर घरात बसून बोलणं होतं.

सत्कारातली सुपारी

गावात शाल-श्रीफळ होतं, भाषणं लांबतात, पाय गार पडतात, ते ठीक, लोकांचं प्रेम असतं. पण शेवटी पानसुपारीचं तबक येतं आणि आपलेच रायडर त्यातली सुपारी तोंडात टाकून बॅनरखाली फोटो काढतात. नुसती सुपारी चालते हा गैरसमज आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २००४ सालीच तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कॅन्सरकारक ठरवलीय. ग्रुपमध्ये कुणाच्या खिशात सुगंधी सुपारीची पुडी असेल तर ती पुण्यातच ठेवा. आणि चहाला थांबलात की फोटो काढताना मागे गुटख्याच्या पुड्यांच्या माळा लटकलेल्या नाहीत ना ते बघा. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, पण पानमसाला एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. टपरीवाल्याशी भांडत बसू नका, त्याचं तोंड आधी बघा.

गोव्यात पोचल्यावर

समुद्रावर सायकल उचलून फोटो झाला की ग्रुप शांत होतो. ज्यांची तीन बोटं तोंडात गेली नाहीत, ज्यांना चट्टा होता, त्यांचे नंबर त्यांना विचारूनच वहीत घेतलेले असतात, ती वही कुणाकडं आहे हे कुणालाच माहीत नसतं. वही एकाच माणसाकडं द्या आणि पंधरा दिवसांनी त्यानं फोन करायचा, दाखवलंत का, काय म्हणाले डॉक्टर. काही जण उचलणार नाहीत. नाही दाखवलं म्हणाले तर घरच्या कुणाचा नंबर मागा आणि त्यांच्याशी बोला.

सायकली परत आणायला मडगावहून रेल्वेचं पार्सल किंवा रात्रीची बस. बसच्या टपावर टाकत असाल तर पेडल काढा आणि मागच्या गिअरला जुनी चादर गुंडाळा, नाहीतर पुण्यात आल्यावर हँगर, म्हणजे मागचा गिअर ज्याला लटकतो तो कान, वाकलेला मिळतो.