आडनाव बदललेला जर्मन पूर्वज शोधताना
पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन पूर्वजाचा माग लागत नसेल, तर आधी फिलाडेल्फिया बंदरातल्या याद्या काढा. १७२७ पासून तिथे उतरणाऱ्या जर्मन पुरुषांना ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागे. कप्तानाच्या यादीत नाव ऐकू येईल तसं इंग्रजी वळणाने उतरवलेलं असतं. शपथेच्या कागदावर मात्र, लिहिता येत असेल तर, त्याची स्वतःची सही. म्हणून छापील यादीवर विसंबू नका, सहीची प्रतिमाच बघा. म्युलरचा मिलर झालेला सहज ओळखू येतो. झिमरमन (जर्मनमध्ये सुतार) या नावाचा अर्थच इंग्रजीत आणून कार्पेंटर झाला की खरी पंचाईत. मग लुथरन किंवा रिफॉर्म्ड या प्रोटेस्टंट चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदींतले धर्ममातापिता (बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची धार्मिक जबाबदारी घेणारे) तपासा. ते बरेचदा नातलग किंवा गाववालेच निघतात. आणि ‘योहान पीटर’ला पुढच्या कागदपत्रांत पीटर म्हणूनच शोधा, कारण रोजच्या वापरात सहसा दुसरंच नाव असे.