घरात पोपट आणताय?

गळ्यावर कंठ असलेला आपला हिरवा देशी पोपट कुणी कितीही स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो पाळणं गुन्हा आहे, आणि ही पिल्लं बहुतेकदा ढोलीतून ओढून काढलेली असतात. मुलांची हौस बजरीगरवर छान भागते. (आपल्याकडे त्यालाच सर्रास लव्हबर्ड म्हणतात.) कॉकटील (डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट) घेणार असाल तर तो पंधरा वर्षंही जगतो, हे घरात आधी बोलून घ्या.

निवडताना डोळे स्वच्छ, नाकपुड्या कोरड्या आणि शेपटीखालची पिसं न माखलेली बघा.

पिंजरा स्वयंपाकघरापासून लांबच हवा. फार तापलेल्या नॉनस्टिक तव्याची वाफ पक्ष्याला काही मिनिटांत मारू शकते. तांबड्या रश्श्याच्या फोडणीचा ठसकाही त्याला सोसत नाही. कोल्हापूरच्या जुलैतल्या पावसात दाणे लवकर बुरसतात, म्हणून राळं थोडं थोडंच आणा आणि रात्री पिंजरा तीन बाजूंनी चादरीनं झाका.

पहिला आठवडा त्याला हातात धरू नका. मुलांना जवळ बसून हळू आवाजात बोलू द्या. तो तुमच्यासमोर निवांत दाणे टिपू लागला, की मगच तळहातावर राळं धरा.